गाव बिनविरोध झालं

तुम्ही जन्मापासून कोथरूडचे, चालत जाऊन मत टाकून येता. तुम्हाला नाही कळायचं. आमच्या गावात वरची आळी एका पॅनेलची, खालची दुसऱ्याची. कुणाचं मत कुठे पडणार हे नुसतं घर बघून सांगता येतं. त्यामुळे सगळा खेळ पुण्यात राहणाऱ्यांच्या मतांवर. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की वरच्या आळीची जीप मला न्यायला सोसायटीच्या गेटवर, आणि खालच्या आळीची पुण्याजवळ मांजरीत, त्यांच्या आळीतल्या दत्ताकडे. वाटेत दोन्ही जीप एकाच ढाब्यावर थांबायच्या. एकमेकांच्या पॅनेलला शिव्या घालत आम्ही एका टेबलावर जेवायचो. एरवी गावात जावं तर घरोघरी नुसती म्हातारी माणसं. मतदानादिवशी मात्र सगळं गाव गावात!

या वेळी जीपच आली नाही. वडिलांना फोन लावला.

"आरं, गाव बिनविरोध झालं! दोन्ही आळ्यांनी एकी केली. लई ब्येस झालं."

"मग अण्णा, आम्ही यायचं नाही?"

"येऊन काय करता? मतदानच न्हाय."

संध्याकाळी त्यांचाच परत फोन. जन्मात कधी कुणाच्या भांडणात न पडलेला माणूस, म्हणतो कसा, "पुढच्या टायमाला म्या उभा ऱ्हातो. विरोधात."

"अहो अण्णा, तुम्हाला मत कोण देणार?"

"कुणी नगं देऊ. पडंन की! पण जीप तर जाईल पुण्याला."