इंजिन दादाकडं

कापूरहोळला भोरच्या एसटीची वाट बघत बसलेल्या सरूबाईंच्या कानावर शेजारच्या दोन तरण्या पोरांचं बोलणं पडत होतं.

"प्रेम, कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवतोस का अजून?"

"व्हय. लई खऱ्यासारखा गेम हाय. इंजिनसुद्धा तापतं. झडप उघडून गार करावं लागतं."

"ते तर तुझा दादा बघायचा ना?"

"मी उडवायचो, तो इंजिन सांभाळायचा."

"दादाचं वर्षश्राद्ध झालं. आता कोण बघतं?"

"काल लढाईत मी झडप उघडायला इसरलो. इंजिन जळायलाच पायजे होतं. बघतो तर झडप उघडी."

"तूच उघडली असशील."

"माझे दोन्ही हात विमान वळवायच्या दांड्यावर होते."

सरूबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मग आता रं?"

"आता मी इंजिनाकडं बघतबी न्हाई. मधी हात घातलेला दादाला चालत न्हाई."