सईनं लावलेली रांग

सईची तपासणी झाली का म्हणून काय विचारतीस, ऐक! पोरगी सहा वर्षांची झाली, अजून बोलत न्हाय. ऑटिझम हाय का बघायला सरकारी दवाखान्यानं दीड वर्षानंतरची तारीख दिली. भिंतीवर पाटी मात्र झकास: 'मूल बोलत नसेल तर उशीर करू नका.'

त्या तारखेला गारगोटीहून पहिली गाडी धरून कोल्हापुरात पोचलो. तिथली पद्धत अशी की खिडकी उघडेपर्यंत रांगेत चप्पल ठेवायची आन् च्या प्यायला जायचं. ह्यांची दहा नंबरची चप्पल तिसरी होती. मी पिशवीत केसपेपर शोधतेय, तेवढ्यात सईनं सगळ्या चपला मापानं लावल्या. बारक्या पुढं, मोठ्या मागं, रेघ कशी सरळ! खिडकी उघडली आन् माणसं भांडाय लागली.

शिपाई म्हणाला, "चप्पल जिथं, नंबर तिथं. नियम म्हंजे नियम."

आमची चप्पल सगळ्यात शेवटी.

खिडकीतल्या बाई बाहेर आल्या. "कुणी लावलं हे?"

"आमच्या पोरीनं. तिलाच दाखवायचंय."

"चांगली हुशार हाय की! मग तपासायचं काय?"

आमचा नंबर येईस्तोवर वेळ संपली. बाईंनी दिवाळीनंतरची तारीख लिहून दिली.

हे म्हणाले, "बाई, तोवर पोरीला हितंच ठेवून घ्या. तुमच्या दवाखान्यात सरळ काम करणारं एक तरी माणूस हुईल."