काळझाडीतली हाक

—नाई नाई, तो कॅमेरा पहिले बंद कर बाबू, हाक नाई देणार मी. बस, खाटेवर बस, पाणी पे. एवढ्या दुरून नागपूरवरून आला तं चहा करतो तुह्यासाठी, पण हाक नाई. गळा बसला हाय माहा. आता बोलून राह्यली थे दिसते मले बी, पण बोलनं वेगळं अन् हाक वेगळी, हाक पोटातून येते. अन् तो पाय जराक इकडं घे, मोहफूल वाळाले टाकलं हाय आंगणात. काय म्हणला? फोन? हाव, फोन बिघडला माहा. कवाचाच बिघडला. तू लावला असशीन तर मले काय मालूम, बिघडलेला फोन थोडीच सांगते कोणी लावला अन् कोणी नाई. जाऊ दे ते. विक्की नं तू? मी तं दारातच ओळखलं. दीपालीनं दाखवला होता तुहा व्हिडिओ — माही पोरगी, मूल गावाले कॉलेजात शिकते, रोजचीच पाहणारी हाय तुही — म्हणे आई, हा पोरगा दर महिन्याले सांगते कोणकोणते गेम येऊन राह्यले. तुह्या मांग ते लाल-निळे लाइट, अन् तू हात नाचवत सांगून राह्यला, मार्चमध्ये हे पाच गेम, यायच्यावर नजर ठेवा. व्हिडिओत दिसते त्याच्याहून बारीक हायेस तू, राग नको मानू.

पाचही मले पाठ हायेत. इचार. पहिला कारचा — डोंगरावरून कार उडते, चार कोलांट्या खाते अन् डायवर ठणठणीत. दुसरा जपानातल्या बाईचा, तिच्या नवऱ्याले मारते कोणी तं ते तलवार घेऊन निंगते, थे मले आवडली बाप्पा, चेहऱ्यावर एक आठी नाई तिच्या. तिसरा शेतीचा. शेतीचा गेम. ट्रॅक्टर चालवा, गहू कापा, कोंबड्याईले दाणे टाका — मी दीपालीले म्हणलं, लोक बसून हे खेळतेत? आमच्या धानाच्या बांदीत रोवण्याले या म्हणा, चिखल बी खरा भेटन. चवथा फुटबॉलचा, त्यातलं मले काई समजलं नाई. अन् मंग तू जरासा थांबला, आवाज बारीक केला, अन् म्हणला का या महिन्यातला एक नंबर गेम आपल्या मातीतला हाय, पुण्याच्या पोराईनं ताडोब्याच्या झाडीत येऊन बनवला, नाव काळझाडी, अठ्ठावीस तारखेले येऊन राह्यला. अन् तुह्या मांगच्या टीव्हीतून माही हाक आली. काय सांगू तुले, आंगावर काटा आला माह्या. माही हाक, अन् नागपूरच्या पोराच्या घरात. त्या दिवशी मी तो व्हिडिओ घरोघरी दाखवत फिरली, लग्नाची पत्रिका वाटावी तशी.

थे पुण्याचे पोरं आल्ते मांगच्या थंडीत. मोहर्लीचा बुधू, जिप्सी चालवते तो, त्यानं आणले. चांगले होते, खोटं कायले बोलू. कान झाकून, हातात ते केसाळ मांजरीवाणी माइक घेऊन फिरत होते — वाळल्या सागाच्या पानावर पाय कसा वाजते, नाल्यात बेंडूक कसा ओरडते, सप्पा भरून घेऊन राह्यले. मंग म्हणे, बाया रानात काय आवाज देतेत? बुधू म्हणला, हाक तं नीलाबाईची. अन् खरंच हाय, माही हाक बरडीची टेकडी चढून पलीकडच्या तलावापावेतो जाते, गावात तशी कोणाचीच नाई, माह्या सासूची बी नव्हती. तुले मालूम नसन म्हणून सांगतो. मोहाच्या दिवसात आमी बाया पहाटेचं रानात जातो. एकेकीचं एकेक झाड. मोह येचाले वाकावं लागते, अन् वाकलेलं माणूस वाघाले माणूस दिसत नाई, हरणच दिसते. म्हणून हाक. एकीनं देली का बाकीच्याईनं द्याची, जिची नाई आली तिच्याकडं सप्प्यांनी पळाचं. प्रत्येकीचा आवाज ठरलेला, अंधारात बी समजते कोण कुठी हाय. अन् सप्प्यात शेवटची हाक माही. माही हाक झाली का कोणी काई इचारत नाई, टोपली उचलाची अन् आवाजाकडं याचं. माही हाक म्हणजे, माह्याकडं या, घरी जाऊ. थे हाक देली मी त्या पोराईले. एकदा नाई, दहा खेपा देली. ते म्हणे बाई अजून एक, अन् मी देत राह्यली.

अन् त्यायनं तिचं काय केलं, तुले तं मालूम हाय. गेमात माणूस झाडीत चुकते. अंधार हाय. हाक येते. त्याले वाटते आपलंच कोणी बलावून राह्यलं, जाते तो तिकडं, अन् तिथी बाई नसतेच. आवाजच फक्त. जे काई हाय ते दडून बसलेलं असते अन् खाऊन टाकते त्याले. मी दीपालीले म्हणलं, हे उलटं केलं वं यायनं, हाकेकडं गेलेलं माणूस तं वाचते. ते म्हणे आई, गेम हाय तो, घाबरवाचा गेम हाय. मंग मी बी म्हणलं, बरं, गेम हाय. मले तं नाव झाल्याची खुशी होती नं. गावातल्या पोट्ट्याईच्या मोबाइलात तेच — बोरिंगवर पाणी भराले गेली तरी माही हाक, सांजीले पारावर माही हाक. कोंबडे बावचळले. मी हासत होती, त्याले आता काय लपवू.

आता नाई देत हाक. मीच नाई, कोणीच नाई देत. मुक्यानं येचतो आता मोह. नाई गेलं तं होत नाई, फूल झाडावर थांबते का कोणासाठी? जातो, अन् मुक्यानं वाकतो. परवा दोघी जणी पाठीले पाठ लागेपावेतो जवळ आल्या, अन् एकमेकीले पाहून अशा किंचाळल्या का मी बसलीच खाली. वाघीण बी तिथीच हाय अजून. वनखात्याच्या लोकायनं कॅमेरे लावले, पिंजरा आणला, पिंजऱ्यात बकरी बांधली, बकरी रातभर ओरडते. बकरीचं आयकून घेते ते अन् येत नाई.

रुखमा गेली म्हणून. तुले कोणी सांगितलं नाई? माही जाऊ. माह्या मालकाच्या लहान भावाची, जंगूची बायको. मालक गेले माहे, तवापासून हे दोघं अन् आमी दोघी मायलेकी, एकच आंगण. ते तिकडचं दार दिसते नं, लावलेलं, थे तिचं घर. नवरी होऊन आली तवा बेंडकाले भेत होती, रानात माहा पदर सोडत नव्हती. हाक मीच शिकवली तिले. चिमणीवाणी हाक होती तिची, दहा पावलं जात नव्हती, पण मले आयकू येत होती. मांगच्या आठोड्यात, मंगळवारी. फटफटलं होतं, उजेड आला होता, असं नाई का अंधार होता. बरडीवर फोन वाजला कोणाचा तरी. कोणा पोट्ट्याचा असन. त्यात माही हाक ठेवली होती घंटीच्या जागी, आजकाल सप्पेच ठेवतेत. रुखमाले वाटलं मी बलावून राह्यली. टोपली उचलली अन् निंगाली बरडीकडं. मंधात घाणेरीचं रान हाय, माणसाएवढं. मी तं खालच्या नाल्यात होती.

जंगू तवापासून झोपत नाई. त्याले वाटते, बरडीवर कोणी तरी होता. ज्याचा फोन वाजला तो. त्यानं वाघीण पाह्यली अन् बोंबलला नाई, पळून गेला. रोज सांजीले घरोघरी जाते तो. भांडत नाई, शिवी देत नाई, हात जोडून म्हणते, तुमचा फोन वाजवून दाखवा नं एकदा. लोक दाखवतेत. पोट्ट्याईनं तं घाबरून सप्प्या घंट्या बदलवल्या. सप्पं गाव झालं त्याचं. माह्याकडं नाई आला. मी मोठी भावजय, मले कसा इचारन? माह्याच हातचं जेवते तो दोन टाइम. ताटावर बसला का म्हणते, वयनी, कोणाचा असन फोन? अन् मी म्हणतो, जेव बाबा पहिले. तीनदा वाजला होता. पहिल्या खेपेले रुखमा थांबली असन, दुसऱ्या खेपेले निंगाली असन. थैलीतून आवाज असा दबून याले पाह्यजे, पण बरडी उंच, तिथून खाली मोठाच येते, अन् फांदीले टांगलेली थैली—

कोणाची थैली? थैली म्हणजे... अशी असन म्हणतो मी. कोणी टांगली असन. तू असा काऊन पाहून राह्यला? चहा घे.

माही. माही थैली, बाबू. बरडीवर रेंज येते म्हणून टांगली होती, दीपाली फोन करणार होती. अन् घंटी मीच ठेवाले लावली होती तिले, पोट्ट्याईच्या आधी, गावात पहिली मी. रुखमानं हाक देली, आयकू आली मले. जवाब द्याचा होता. पण तोंडात तंबाखूचा खर्रा होता, भरून होता, म्हणलं थुकतो अन् देतो. तेवढ्यात बरडीवरून माहीच हाक आली. अन् मले हासू आलं. समजलं तुले? हासू आलं. म्हणलं, वा रे, मी इथी खर्रा चघळून राह्यली अन् जवाब परस्पर गेला. तिसऱ्या खेपेले हाक मंधातच तुटली अन् तिकडून दुसरंच काई आयकू आलं. मी पळाली. सप्प्या पळाल्या. मी नाल्याकडून आली नं, म्हणून बायाईले समजलं का बरडीवरची हाक फोनची होती. कोणाचा फोन, थे कोणी मले इचारलं नाई. गर्दीत मी थैली काढली अन् पदराखाली घेतली. रुखमा तिथी पडली होती अन् मी थैली काढून राह्यली होती. घरी येऊन पाह्यलं तं तीन कॉल, अन् नाव बी होतं, तुले माहा नंबर देल्ला तवाच दीपालीनं तुहा भरून ठेवला होता. विक्की गेमवाला.

तू नको रडू. तुहा दोष नाई, तुले काय मालूम का मी रानात हाव. तुले तं वाटलं असन बाई चुलीजवळ बसली हाय. धानाच्या ढोलीत हाय आता तो फोन, पार खाली, बंद करून. दीपालीले बी नाई सांगितलं. जंगू मारणार नाई मले, त्यानं जनावराले कधी काठी नाई मारली. पण तो ताटावर बसणार नाई. मंधातून कुडाची भिंत घालन, अन् मंग या आंगणात मी कोणाले हाक देऊ? दीपाली लग्न होऊन जाईन. मले त्याच्याशिवाय कोणी नाई, बाबू. म्हणून सांगतो, तुले दिसते तेवढी चांगली नाई मी, पण हे इथीच ठेव. अन् एक काम कर, पुण्याच्या पोराईले सांग, अठ्ठावीस तारखेच्या आधी माहा आवाज काढा त्यातून. नाई काढता येत? काऊन नाई येत? त्यायनं भरला तं त्यायलेच काढता येईन नं. तुह्या हातात नाई. बरं. मंग हजारो घरात वाजणार तो. बरं.

मंग तू जा आता. जंगू यायच्या आत जा. गावात कोणाले काई बोलला तं नाई? घर कसं सापडलं तुले? इचारत आला. कोणाले इचारलं? बोरिंगवर. कसा होता माणूस? डोस्कं भादरलेला. अन् काय म्हणला तू त्याले, सप्पं सांग, एक शब्द खाऊ नको. नीलाबाईले मांगच्या आठोड्यात फोन लावून राह्यलो होतो, उचलला नाई, म्हणून आलो. अन् मंगळवार बी सांगितला तू? त्यानंच इचारलं, कोणता दिवस. किती टाइम झाला होता, थे बी इचारलं. अन् मंग? पाणी देल्लं तुले, पेलं का तू? अन् घर बोटानं दाखवलं का संगं आला?

संगं आला. मंग कुठी हाय तो? तू बोल म्हणला, मी उभा राहतो. कुठी उभा राहतो म्हणला, विक्की?

या आंगणाच्या कुडाच्या मांग. तवापासून.

कप ठेव तिथीच. जा तू.

जंगू. आत ये नं, बाबा. ऊन लागन.