नाचणीच्या बियरला गूळपाणी

जुन्नरहून निघालेल्या जीपमध्ये नूतनच्या शेजारी गोरख आणि त्याची आई दाटीवाटीनं बसले होते. गोरखच्या मांडीवर सहा बाटल्यांचा खोका.

“आये, नाताळासाठी अशी नाचणीची बियर पुण्यातबी कुनी केली न्हाई. हाटेलवाला नारायणगावला थांबलाय. एक घोट घेतला की ऑर्डर आपलीच!”

“पन लई कडू व्हती रं.”

“तू कवा चाखली?”

“चार दिस झालं. मग परत्येक बाटलीत गुळाचा खडा टाकला, बूच घट्ट लावलं.”

“गूळ? अगं, आतल्या आत उकळ्या फुटत्यात त्यानं!”

“पावण्याला आदी गूळपाणी देत्यात. तुला शिकवलंय ना?”

खोक्यात फाडकन आवाज झाला.

“ड्रायव्हरभाऊ, हळू घ्या राव!”

“टायर गेलं का काय?”

“बियर गेली!”

पुढच्या खड्ड्यात आणखी चार फुटल्या. नूतनची साडी भिजली.

“मावशी, माझंबी गूळपाणी झालं बरं का!”

“आये, एकच ऱ्हायली गं.”

“त्याला घोटच घ्यायचाय ना? मग बास की!”

नारायणगावला हॉटेलवाल्यानं ती सहावी बाटली हौसेनं उघडली. सगळी बियर त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडाली आणि घोटापुरतीही उरली नाही.