कॉलेजातली म्हैस आणि आमची ठमी

सुचिता : आजी, शेपूट घट्ट धर. मघाशी सोडलीस नि सरळ माझ्या तोंडावर बसली.

आवडाबाई : धरलीय गो. माश्या हायत, ती तरी काय करील? तू हात घाल एकदाचा. खांद्यापर्यंत प्लास्टिक चढवून कवाची उभी हायेस, आन् ठमी वळून वळून बगतेय तुझ्याकडं.

सुचिता : घालते. जरा दम खाऊ दे.

सदू : डोकं मी धरलंय. गणराज बोर्लीवरनं टेम्पो घेऊन निघाला. काय बगायचं ते लवकर बग.

आवडाबाई : निघू दे. पंक्चर व्हईल वाटेत.

सदू : आवडे, त्याला सबूद दिलाय मी. ठमी गाभण निघाली तर द्यायची न्हाय, रिकामी निघाली तर आज तो इकत न्हेईल. आता आपल्याच्यानं रिकामी म्हस पोसवत न्हाय. माझे गुडगे बग, तुझी कंबर बग. तिला पाण्यावर कोण न्हेईल रोज?

आवडाबाई : मी न्हेते ना.

सदू : परवा तू तिला न्हेलीस का तिनं तुला न्हेलं? शेतातनं फरफटत आलीस.

आवडाबाई : ते आमचं आमी बगून घेऊ. आन् रिकामी म्हणू नका तिच्यासमोर. तिला कळतं.

सदू : दोनदा डॉक्टरनं सुई देऊन भरवली, गाभण राहिली न्हाय. तिसऱ्यांदा होळी झाल्यावर भरवून गेला नि त्याची बदली झाली. नवा आलाच न्हाय. नागपंचमी झाली तरी आपण आपले पोटाकडं बगत बसलोय.

आवडाबाई : परत माजावर आली न्हाय, म्हंजे राहिली असंल.

सदू : मागल्या वर्सीबी आली न्हाय. तवाबी तू असंच म्हणालीस, आन् काय निघालं? पोटात पेंढा.

सुचिता : म्हशीचा माज कधी कधी कळतच नाही, आजा. म्हणून तर हातानं बघावं लागतं.

आवडाबाई : बगंल ना आमची डाक्टरीन. गुरांच्या कॉलेजात तिसऱ्या वर्साला हाय.

सुचिता : आजी, एक सांगू? रागावू नको. मी अजून खऱ्या म्हशीत हात घातलेला नाही.

आवडाबाई : मंग तीन वर्सं केलंस काय?

सुचिता : कॉलेजात शिकवतात ना, मशीनवर. तिथली खरी जनावरं आम्हाला पुढल्या वर्षी मिळतात. तोवर असं असतं, की समोर कंप्युटर. त्यावर म्हशीच्या आतलं सगळं चित्र. नि इकडं फायबरची अर्धी म्हैस, नुसती मागची बाजू.

आवडाबाई : पुढली बाजू कुठं गेली?

सुचिता : पुढली लागत नाही. त्या अर्ध्या म्हशीत हात घालायचा, आत एक लोखंडी दांडी असते, तिच्या टोकाला टोपण. ते टोपण बोटात घालायचं. मग बोट हलवलं की पडद्यावर बोट हलतं. आणि पडद्यावरचं बोट गर्भाच्या पिशवीला लागलं की दांडी इकडं खऱ्या बोटाला मागं ढकलते. आत मोटरी असतात. मऊ असेल तर मऊ ढकलते, कडक असेल तर कडक.

आवडाबाई : म्हंजे तिथं काय न्हायच, तरी हाताला लागतं?

सुचिता : लागतं. शपथ. पहिल्यांदा मी घाबरून हात बाहेर काढला होता.

आवडाबाई : भुताटकी म्हणायची. त्या म्हशीला शेण असतं?

सुचिता : नाही.

आवडाबाई : मंग ती कसली म्हस. अवो, ऐकलंत? नात शिकली ती नसलेल्या म्हशीवर.

सदू : असलेल्या म्हशीत हात घालायला सांग तिला आता.

सुचिता : हं, घातला. हो ग ठमे, हो, हो. सावकाश. अगं आई, काय आवळते ही. मशीन असं आवळत नाही.

आवडाबाई : तुज्यात कुणी असा हात घातला तर तू काय पायघड्या घालशील?

सुचिता : थांब, शेण काढते आधी. आजी, बाजूला हो, पायावर पडेल.

आवडाबाई : पडू दे. जलम गेला शेणात.

सुचिता : हां. आता कमरेचं हाड लागलं. हे अगदी तसंच आहे, मशीनवर असतं तसं. कडक, पुढं उंबऱ्यासारखी कड. आता या कडेच्या पुढं पिशवी हाताखाली यायला पाहिजे.

आवडाबाई : आली?

सुचिता : शोधते.

आवडाबाई : ठमे, नीट उभी ऱ्हा गो. आपली सुची हाय. तुज्याच दुधावर वाढलीय ती.

सदू : आली काय?

सुचिता : नाही. मशीनवर चार महिन्यांपर्यंतच्या सगळ्या पिशव्या मी ओळखल्यात, आजा. लहान फुग्याएवढी, मग नारळाएवढी. इथं काहीच हाताला येत नाही. हाडाच्या पुढं मोकळंच लागतंय.

सदू : मोकळं म्हंजे रिकामी.

सुचिता : मला... नाही माहीत. तसंच वाटतंय.

सदू : ऱ्हाऊ दे मंग. काढ हात. त्यात तुजा काय दोष न्हाय. मी गणराजला सांगतो टेम्पो इथवर आण म्हणून. ती चालत जायची न्हाय रस्त्यापर्यंत.

आवडाबाई : मला न्हाय द्यायची ती.

सदू : आवडे.

आवडाबाई : न्हाय द्यायची. पोरगा राहुल्या मुंबईला गेला, त्याच्यासंगती सून गेली, ही गेली शिकायला. तुमी दिवसभर बोलता किती? जेवायला वाढ नि पाणी दे. मी बोलते ती हिच्यासंगती. उद्या सकाळी गोठ्यात येऊन मी कुणाला हाक मारू?

सदू : तुला वाटतं माझं काळीज दगडाचं हाय?

आवडाबाई : मंग धाडता कशाला?

सदू : आपण दोगं आजारी पडलो तर ही उपाशी मरंल दावणीला, म्हणून. ते बगवंल तुला?

सुचिता : आजी, रडू नको ना. आणि आजाला बोलू नको. मला सुट्टी नव्हतीच. आजानं फोन केला परवा.

आवडाबाई : ह्यांनी? फोन?

सुचिता : तू ऐकशील म्हणून शेजारच्या स्वराजच्या फोनवरून. म्हणाला, "गणराज येणार हाय, त्याच्या आधी ये. तुज्या आजीचं तोंड मला बगवत न्हाय." माझी परीक्षा आहे सोमवारी, तरी आले.

सदू : तुला सांगितलं होतं हे बोलायचं न्हाय म्हणून.

आवडाबाई : बरं. बगा कसे खाली बगतायत.

सदू : म्हशीचे कान बगतोय. गोचीड हाय.

सुचिता : थांबा. हात अजून आतच आहे माझा. दोघंही गप्प बसा जरा.

सदू : काय झालं?

सुचिता : गप्प बसा ना.

(ठमी तेवढी रवंथ करते आहे.)

सुचिता : आजी... इथं मोटर आहे.

आवडाबाई : काय हाय?

सुचिता : मशीनवर असंच व्हायचं. याच जागेवर बोट नेलं की झणझण यायची बोटाला. मला वाटायचं मोटर सैल झालीय. मी तक्रार केली. माणूस आला, त्यानं सगळे स्क्रू आवळले, तरी झणझण यायचीच. मग मी तिकडं लक्षच देणं सोडलं. जुनं मशीन आहे, करणार काय.

सदू : आन् ठमीत कसली मोटर?

सुचिता : मोटर नाही, आजा. शीर आहे. वासराला रक्त नेणारी. वासरू वाढलं की ती फुगते, नि रक्त इतकं जोरात धावतं की थरथरते. हे मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेत लिहिलंय, मार्क मिळालेत. मशीनवाल्यांनी तेच बोटाला लावून दिलं होतं आणि मी त्यालाच बिघाड म्हणत होते.

आवडाबाई : म्हंजे काय गो? नीट सांग.

सदू : घाई करू नको, आवडे. सुची, तुजा हात अवघडलाय. बधिर झाला की हाताला मुंग्या येतात. तेच असंल. उगाच आजीला आशेला लावू नको.

सुचिता : बरोबर बोललास. थांब, दुसऱ्या बाजूची शीर बघते. मुंग्या असतील तर तिकडंही येतील.

आवडाबाई : ठमे, हलू नको. तुज्या पाया पडते.

सुचिता : डावीकडं नुसती धडधड आहे. आपल्या मनगटाला लागते तशी. आता उजवीकडं... हे बघ. पन्हळीतनं पाणी धावावं तसं. बोटं उचलली की थांबतं, ठेवली की परत. मुंग्या नाहीत, आजा.

सदू : मंग पिशवी का लागली न्हाय?

सुचिता : कारण जड झालीय. वासराच्या वजनानं खाली पोटात उतरलीय, माझा हात पोचत नाही तिथवर. मी लहान पिशवी शोधत होते, नि ती कधीच मोठी झालीय.

सदू : नक्की का? मशीन सांगतं तुला बरोबर का चूक. इथं कोण सांगणार?

सुचिता : मशीनवर बरोबर आलं की हिरवा दिवा लागायचा. इथं कोणी लावणार नाही. मीच सांगते. ठमी गाभण आहे.

आवडाबाई : परत बोल.

सुचिता : गाभण आहे, आजी. पाच महिने तरी झालेत.

आवडाबाई : आई गो. आन् आपण हिला टेम्पोत घालत होतो, पोटुशी. सुची, मला बी बगू दे ना. माजा हात पोचंल?

सुचिता : नाही पोचायचा. आणि ती आता कंटाळलीय. असं कर, तुझा मोकळा हात दे इकडं. तळवा वर कर. माझ्या या बाहेरच्या हाताची बोटं तुझ्या तळव्यावर ठेवते. आत मला जसं लागतंय ना, तसं बाहेर तुझ्या हातावर करते. शीर थरथरली की मी थरथरवणार. डोळे मीट.

आवडाबाई : गुदगुल्या होतायत.

सुचिता : हसू नको, कळणार नाही.

आवडाबाई : हां. हां गो. हे तिच्या पोटात चाललंय? आता?

सुचिता : आता. या घटकेला.

आवडाबाई : केवढं पळतंय. एवढंसं पारडू, त्याला इतकं लागतं? अवो, ते गोचीड ऱ्हाऊ दे. इकडं या.

सदू : डोकं सोडलं तर फिरंल ती.

सुचिता : नाही फिरत. बघ कशी डोळे मिटून उभी आहे. ये, आजा.

सदू : कसा धरू? असा?

सुचिता : आणखी जरा वर. हं. लागतंय?

सदू : न्हाय. माजा हात राठ हाय, नांगराचा.

सुचिता : मग जरा दाबून करते. आता?

आवडाबाई : बोला की. लागतंय का?

सदू : ...व्हय.

आवडाबाई : तुमचा फोन वाजतोय खिशात. गणराज असंल.

सदू : वाजू दे. बाय माजी, तू कर. थांबू नको.