यंत्र अडकलं तर

कंपनीतून निवृत्त झालेले एक साहेब तिथल्याच दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. शेजारच्या बाकावर धुलाई विभागातल्या नणंद-भावजय बोलत होत्या.

"वहिनी, तिन्ही शाखांची नियमांची पुस्तकं काढून टाकली म्हणे?"

"काढली, आणि सगळ्यांचं मिळून एकच केलं. मीच बसले होते ना मोठ्या ऑफिसातल्या लोकांबरोबर."

"तू? दहावी नापास?"

"म्हणूनच तर बोलावलं. मी म्हटलं, मला एकदा वाचून कळेल तेवढंच ठेवा. यंत्र अडकलं तर काय करायचं, यावर सतरा पानं होती. आता पाच ओळी आहेत, आणि तिन्हीकडे त्याच."

"सतरा पानं वाचणार कोण?"

"कुणीच वाचली नाहीत. उगाच का आपल्या धुलाईतल्या मावशींचं बोट यंत्रात गेलं?"

साहेबांनी डोळे उघडले. समोरचं सगळं अजून धूसरच होतं.

"बाई, पहिली ओळ काय आहे?"

"आधी वीज बंद करा, मगच हात घाला."

"मी ते बाराव्या पानावर लिहिलं होतं."

वहिनी त्यांच्याकडे वळली.

"तिथूनच उचललंय, साहेब."