पाटीवरचा आकडा

मी एकटा राहतो असं कोण म्हणालं तुम्हाला? कॅनडात, सस्कॅचवान प्रांतातल्या आमच्या गावात मला धरून अकरा माणसं आहेत. गेल्या महिन्यात मुलगा ओकव्हिलहून मला न्यायलाच आला. "बाबा, बॅग पॅक करा. देअर्स नोबडी हिअर."

तेवढ्यात शेजारची मार्था रंगाचा डबा घेऊन आली. म्हणाली, "डॉक्टर, गाव सोडणाऱ्यानंच वेशीवरच्या पाटीवरचा आकडा बदलायचा, ही इथली रीत. अकराचे दहा करून जा."

गेलो. मुलगा गाडी चालू ठेवून बसला होता. पाटीवरचे अकरा उन्हानं विटले होते. तेच ठळक गिरवले, डबा मुलाच्या हातात दिला आणि म्हटलं, "मला घरी सोड, आणि जाताना हा मार्थाकडे देऊन जा."